शाफ्ट थकून तुटू नये म्हणून: पृष्ठभाग आणि उष्णतेचा उतरता जिना

१४४० आरपीएमच्या मोटरला थेट जोडलेला शाफ्ट साडेअकरा तासांत दहा लाख फेऱ्या मारतो. पुलीच्या बेल्टची ओढ एकाच दिशेला असते, शाफ्ट मात्र फिरत असतो. त्यामुळे त्याच्या सालीवरचा प्रत्येक बिंदू फेरीत एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. पाच दिवसांत असे एक कोटी हेलकावे होतात. एवढ्या हेलकाव्यांत स्टील ज्या रीतीने हार मानतं त्याला फटीग, म्हणजे धातूचा थकवा म्हणतात. यात शाफ्ट वाकत नाही, आधी आवाज करेलच असंही नाही. रोजचाच लोड असतो आणि एके दिवशी दोन तुकडे हातात येतात.

थकव्याची भेग जवळजवळ नेहमी बाहेरच्या सालीवर सुरू होते. वाकताना सर्वांत जास्त स्ट्रेस (ठरावीक क्षेत्रफळावर येणारं बल) तिथेच असतो, टूलचे ओरखडे तिथेच असतात, गंज तिथेच लागतो आणि भट्टीची हवाही तिथेच पोचते. म्हणून शाफ्ट घडवताना दोन प्रश्न सतत विचारायचे. साल अखंड आणि गुळगुळीत आहे का? आणि मशीन बंद असतानाही त्या सालीत दाब दडलेला आहे की ताण? उष्णता या दोन्हींत ढवळाढवळ करते. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्यावरूनच ठरतो: प्रत्येक पुढचं तापमान मागच्यापेक्षा कमी. फोर्जिंग १२०० अंशांच्या आसपास, हार्डनिंग (तापवून झटकन थंड करून कडक करणं) ८५०, टेम्परिंग (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवणं) ६००, नायट्रायडिंग (सालीत नायट्रोजन मुरवणं) ५२०, प्लेटिंगनंतरचं बेकिंग २००, बेअरिंग गरम करणं ११०. हा जिना उतरताना मध्येच एक पायरी वर चढलात, तर खाली येऊन कमावलेलं पुसलं जातं. (इथून पुढे सगळे अंश सेल्सियसमध्ये.)

उदाहरण म्हणून ईएन १९ (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्रधातू-स्टील) चा, ४० मिमी व्यासाचा शाफ्ट घेऊ. बेअरिंगला टेकण्यासाठी त्याला ४८ मिमीची स्टेप आहे आणि पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली आहे. हा शाफ्ट तुटला, तर बहुधा त्या स्टेपच्या कोपऱ्यात तुटेल.

पायरी १ : आधी कागदावर हिशोब

ईएन १९ टी कंडिशनमध्ये (ठरलेल्या ताकदीला हार्डनिंग-टेम्परिंग केलेलं) घेतलं तर त्याची ताण-ताकद, म्हणजे ओढून तुटण्याआधीचा सर्वांत मोठा स्ट्रेस, ८५० ते १००० मेगापास्कल (स्ट्रेसचं एकक) असते. आपण ९०० धरू. घासून चकाकवलेल्या प्रयोगशाळेतल्या नमुन्याची थकवा-मर्यादा, म्हणजे ज्या स्ट्रेसखाली तो कितीही फेऱ्या सहन करतो ती पातळी, अंदाजे याच्या निम्मी असते: ४५० मेगापास्कल. पण तुमचा शाफ्ट म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना नव्हे. डिझाइनच्या पुस्तकांतले नेहमीचे सरफेस फॅक्टर लावले, तर तेच स्टील ग्राइंड केल्यावर साधारण ४०० वर येतं, लेथवर टर्न केल्यावर ३३५ वर, काळ्या हॉट रोल्ड सालीसकट वापरल्यास २०० च्या आसपास आणि फोर्जिंगची साल तशीच ठेवल्यास जेमतेम १४० वर.

आता हाच हिशोब १४०० मेगापास्कलच्या महागड्या स्टीलसाठी करून पाहा. नमुन्याची मर्यादा ७०० येते, पण फोर्जिंगच्या सालीसकट उत्तर पुन्हा १४० च्याच घरात. म्हणजे साल तशीच ठेवून ग्रेड वाढवणं हा शुद्ध पैशांचा अपव्यय आहे. ताकद वाढते तसं स्टील ओरखड्याबाबत जास्त हळवं होतं. नवख्या डिझाइनरला सर्वांत उशिरा पटणारी गोष्ट हीच असते.

हे आकडे फक्त सालीचे. आकारमान, लोडची अनिश्चितता आणि कोपऱ्यातली स्ट्रेसची गर्दी यांची वजावट वेगळी करायची.

पायरी २ : काळी साल काढा, कोपरा गोल करा

गरम रोलिंग किंवा फोर्जिंग होताना स्टीलच्या सालीतला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून उडून जातो. याला डीकार्ब म्हणतात. ही साल मऊ असते, आणि हार्डनिंग केलं तरी मऊच राहते, कारण कडक व्हायला लागणारा कार्बनच तिच्यात उरलेला नसतो. शिवाय हार्डनिंगच्या वेळी ती आतल्या भागाआधी आकार बदलून मोकळी होते आणि शेवटी तिच्यात ताण शिल्लक राहतो. मऊपणा आणि ताण एकत्र आले की भेगेला आयतं घर मिळतं.

म्हणून ४८ मिमीचा शाफ्ट ५० च्या काळ्या बारमधून काढायचा मोह टाळा. व्यासात ३ ते ५ मिमी तरी काढायला मिळतील असा बार घ्या. आधी रफ टर्निंग, मग हार्डनिंग-टेम्परिंग, मग फिनिश. रफ करताना प्रत्येक बाजूला ०.५ ते १ मिमी ठेवा, म्हणजे भट्टीत नव्याने झालेलं डीकार्ब फिनिशमध्ये निघून जाईल. साल खरंच निघाली का हे बघायला उरलेल्या तुकड्याचा आडवा काप घ्या, पॉलिश करा आणि कडेपासून आत मायक्रोहार्डनेस मोजत जा. कडेचे आकडे आतल्यापेक्षा कमी असतील तर अजून काढायला हवं.

कोपऱ्याचं गणित सोपं आहे. ४० वरून ४८ च्या स्टेपला ०.८ मिमीची फिलेट (कोपऱ्यातला गोलावा) ठेवली, तर वाकण्याचा स्ट्रेस तिथे सुमारे २.३ पट होतो. ४ मिमी दिली तर १.६ पट. बेअरिंगच्या आतल्या कडेचा गोलावा लहान असल्यामुळे मोठी फिलेट तिथे अडते. अशा वेळी मोठी फिलेट देऊन मधे कॉलर-रिंग बसवा, किंवा स्टेपच्या तोंडात अंडरकट (आत कोरलेली खोबण) घेऊन गोलावा आत न्या. ड्रॉइंगवर नुसतं ‘शार्प कॉर्नर नको’ लिहून भागत नाही. त्रिज्येचा आकडा लिहा आणि रेडियस गेज लावून तपासा, कारण टर्नरच्या हातातल्या इन्सर्टची नाक-त्रिज्या बहुतेकदा ०.४ किंवा ०.८ असते आणि तो कोपरा तसाच सोडून देतो.

पायरी ३ : हार्डनिंग आणि टेम्परिंग

ईएन १९ साठी ८४० ते ८६० अंश, आतपर्यंत एकसारखं तापेल इतका वेळ (जाडीच्या प्रत्येक २५ मिमीला एक तास हा चालणारा ठोकताळा), मग तेलात क्वेंच (बुडवून झटकन थंड करणं). पाण्यात टाकू नका. या स्टीलला तेल पुरतं, पाण्यात स्टेपच्या कोपऱ्यात क्वेंच-क्रॅक येण्याचा धोका असतो, आणि तशी भेग असलेला शाफ्ट थकव्याची पहिली निम्मी वाट आधीच चालून आलेला असतो.

क्वेंच झालेला जॉब रात्रभर तसाच ठेवू नका. हाताला कोमट लागेल एवढा थंड होताच टेम्परिंगला घ्या. ५५० ते ६५० अंशांमध्ये, साधारण २८ ते ३४ एचआरसी (रॉकवेल मापाने कडकपणा) येईल असं तापमान निवडा. २५० ते ४०० अंशांची पट्टी मिश्रधातू-स्टीलसाठी टाळायची. तिथे कडकपणा छान दिसतो, पण स्टील ठिसूळ होतं.

भट्टीत संरक्षक वातावरण नसेल तर पायरी २ मध्ये फिनिशसाठी ठेवायला सांगितलेली ०.५ ते १ मिमीची जाडी वाढवा. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून फक्त एचआरसीचा आकडा घेऊ नका, टेम्परिंगचं प्रत्यक्ष तापमानही लिहून घ्या. जिन्याच्या खालच्या सगळ्या पायऱ्या त्या आकड्यावर टेकलेल्या आहेत. शाफ्ट सरळ करण्यासाठी प्रेसमध्ये घातला असेल तर त्यानंतर स्ट्रेस रिलीव्ह (आत दडलेला स्ट्रेस घालवायला तापवणं) करा, पण टेम्परिंगच्या तापमानापेक्षा ३० ते ५० अंश खाली राहून. वर गेलात तर कडकपणा जातो.

पायरी ४ : फिनिश, आणि ग्राइंडिंगचा जळका

टर्निंगचे ओरखडे शाफ्टभोवती गोल फिरतात. वाकण्याचा ताण मात्र लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे प्रत्येक ओरखडा त्याला नेमका आडवा पडतो. म्हणून फिलेटमध्ये शेवटचा हात पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने फिरवायचा. कष्टाचं काम आहे, पण सबंध शाफ्टला नाही, फक्त फिलेट आणि तिच्या आसपासच्या काही मिलिमीटरला करायचं आहे.

ग्राइंडिंग चांगलं झालं तर शाफ्टचं आयुष्य वाढतं, आणि चुकलं तर टर्निंगपेक्षा वाईट अवस्था होते. बोथट चाक, कमी कूलंट, एका पासमध्ये जास्त कट यांमुळे साल क्षणभर टेम्परिंगच्या वर तापते. मग तिथे एक तर स्टील मऊ पडतं, नाहीतर पुन्हा हार्ड होऊन ठिसूळ पापुद्रा बनतो. दोन्ही वेळा थंड होताना सालीत ताण साठतो. रंग बघून थोडा अंदाज येतो: फिकट पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, जांभळा म्हणजे पावणेतीनशे, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. पण शेवटच्या हलक्या पासने रंग निघून जातो, जळकं मात्र खाली राहतं. त्यामुळे रंग नसणं हा पुरावा नव्हे.

पुरावा हवा असेल तर नायटल एच करा, म्हणजे सौम्य ॲसिड लावून पृष्ठभागाचा रंग बघा. इथेनॉलमध्ये ३ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड. ॲसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू घालायचं, उलट नाही. ५ टक्क्यांपुढे जायचं नाही, घट्ट बुचाच्या बाटलीत साठवायचं नाही, हातमोजे आणि गॉगल सोडायचे नाहीत. ग्रीस पूर्ण काढून काही सेकंद लावा, धुवा, सोड्याच्या पाण्याने शांत करा, वाळवा, लगेच तेल लावा. चांगला पृष्ठभाग एकसारखा करडा दिसतो. काळपट डाग म्हणजे मऊ पडलेली जागा. पांढरा ठिपका आणि त्याभोवती काळी कड म्हणजे पुन्हा हार्ड झालेली जागा, आणि असा शाफ्ट मशीनवर जाता कामा नये.

टाळायचं कसं? थोडं मऊ ग्रेडचं चाक, वरचेवर ड्रेसिंग (चाक खरवडून धार ताजी करणं), कूलंटची धार नेमकी चाक आणि जॉबच्या सांध्यात, आणि शेवटचे पास ५ मायक्रॉनचे.

पायरी ५ : सालीत दाब भरा

भेग उघडायला ताण लागतो. समजा सालीत ३०० मेगापास्कलचा दाब आधीच दडलेला आहे आणि वाकण्यामुळे तिथे २५० चा ताण आला, तरी एकूण हिशोबात साल ५० च्या दाबातच राहते. पृष्ठभागावरच्या सगळ्या चांगल्या प्रक्रियांच्या मुळाशी हेच आहे. वाटा मात्र वेगवेगळ्या.

इंडक्शन हार्डनिंगमध्ये साल तेवढी तापवून लगेच फवाऱ्याने थंड करतात. कडक झालेल्या सालीचं आकारमान किंचित वाढतं, आतला गाभा तिला पसरू देत नाही, आणि ती दाबात येते. ईएन ८ (मध्यम कार्बनचं साधं स्टील) आणि ईएन १९ दोन्हींना चालतं, खोली सहसा २ ते ४ मिमी, कडकपणा ५० ते ५८ एचआरसी, नंतर १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग. याचा एक मोठा सापळा आहे. कडक पट्टा जिथे संपतो तिथे दाबाच्या शेजारी ताण असतो. तो शेवट फिलेटमध्ये आला तर सर्वांत कमकुवत जागी सर्वांत वाईट स्थिती तयार होते. म्हणून पट्टा एक तर फिलेट ओलांडून स्टेपवर न्या, नाहीतर फिलेटच्या पुष्कळ आधी, सरळ भागात संपवा. ड्रॉइंगवर पट्ट्याची सुरुवात आणि शेवट मिलिमीटरमध्ये द्या. ऑइल सीलच्या जागी ‘थोडं इंडक्शन करून घ्या’ असं तोंडी सांगितलेल्या कामात हीच चूक होते.

नायट्रायडिंगचं काम सावकाशीचं. अमोनियाच्या वातावरणात ५०० ते ५३० अंशांवर २४ ते ६० तास, केस (कडक झालेली साल) ०.३ ते ०.५ मिमी. क्वेंच नसल्यामुळे जॉब फारसा वाकत नाही, म्हणून जवळजवळ फिनिश मापावरच पाठवता येतो. अट एवढीच की टेम्परिंग नायट्रायडिंगच्या किमान ३० अंश वर झालेलं असावं, नाहीतर केस बनता बनता गाभा मऊ पडेल. पायरी ३ मधला लिहून घेतलेला आकडा इथे कामाला येतो. वर काही मायक्रॉनचा पांढरा थर येतो. तो ठिसूळ असतो. जाड झाला असेल तर हलकं लॅपिंग (बारीक पेस्टने घासणं) करून काढा, पण ग्राइंडिंगमध्ये दोन-तीन दशांश मिमी उडवलेत तर पैसे दिलेला केसच उडाला. स्टेप आणि अचूक माप असलेल्या आपल्या या शाफ्टसाठी पहिली पसंती नायट्रायडिंगला द्यावी.

कार्बुरायझिंग गिअरच्या दातांचं औषध आहे: २० एमएनसीआर ५ सारखं कमी कार्बनचं स्टील, ९०० ते ९५० अंश, मग क्वेंच आणि १५० ते १८० अंशांवर टेम्परिंग. ईएन १९ चा शाफ्ट त्यासाठी पाठवू नका.

शॉट पीनिंग म्हणजे थंडपणे साल ठोकणं. स्टीलच्या गोल गोळ्यांचा मारा सालीला पसरवू पाहतो, गाभा तिला रोखतो, साल दाबात येते. याची गल्लत शॉट ब्लास्टिंगशी सर्रास होते. ब्लास्टिंग सफाईसाठी असतं आणि त्यात किती मारा झाला हे कुणी मोजत नाही. पीनिंग मोजून करतात, आणि मोजायला आल्मेन पट्टी असते. ए जातीची पट्टी ७६ मिमी लांब, १९ मिमी रुंद, १.२९ मिमी जाड. ती ठोकळ्यावर चार स्क्रूंनी बसवून एकाच बाजूने मारा करायचा. सोडवली की ती कमानीसारखी वाकते. कमानीची उंची म्हणजे माऱ्याची तीव्रता. वेळ दुप्पट करूनही उंची १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही, तिथे सॅच्युरेशन झालं असं धरतात.

आपल्या शाफ्टसाठी ०.२ ते ०.३५ मिमी ए (ए पट्टीच्या कमानीची उंची) तीव्रता ही सुरुवात करायला बरी. गोळीचा व्यास फिलेटच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा नको, नाहीतर ती कोपऱ्याच्या तळाला पोचतच नाही. २ मिमी फिलेटला एस २३० (सुमारे ०.६ मिमी) किंवा एस ३३० (सुमारे ०.८४ मिमी) चालते. फिलेट १० पट भिंगाखाली बघा. न ठोकलेली जागा दिसता कामा नये. फुटलेल्या गोळ्या चाळून काढायला सांगा, कारण त्यांच्या धारदार कडा सालीत नवे ओरखडे पाडतात. आणि पीनिंगनंतर ग्राइंडिंग नाही, २३० ते २५० अंशांच्या वर कोणतीही उष्णता नाही. दाब तापमानाने सैल पडतो, आणि तो गेलेला डोळ्यांना दिसत नाही.

पायरी ६ : प्लेटिंग करायचंच असेल तर

हार्ड क्रोम झिजेला उत्तम, थकव्याला वाईट. क्रोमच्या थरात बारीक भेगांचं जाळं असतं आणि तो स्वतः ताणात असतो. भेग थरातून स्टीलमध्ये उतरते. उपाय असा: आधी शॉट पीनिंग, मग क्रोम, आणि क्रोमचा थर फिलेटच्या अलीकडे थांबवणं. झिंक प्लेटिंगच्या आधीचं ॲसिड पिकलिंग आणि खुद्द प्लेटिंग, दोन्हींत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो. १००० मेगापास्कलच्या वरच्या स्टीलमध्ये तो काही तासांनी किंवा दिवसांनी, लोड साधाच असताना, अचानक तुकडे पाडतो. १२.९ ग्रेडचे बोल्ट घट्ट केल्यावर दुसऱ्या दिवशी डोकी उडालेली सापडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. याला थकवा म्हणत नाहीत, पण कारण पृष्ठभागाच्या प्रक्रियेतच आहे.

प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बेकिंग सुरू करा: १९० ते २२० अंश, किमान ८ तास, जास्त कडक जॉबला २४ तासांपर्यंत. आठवड्याने बेक केलं तर उपयोग नाही, तोवर भेगा पडून गेलेल्या असू शकतात. इंडक्शननंतर १६० अंशांवर टेम्पर केलेल्या जॉबला २०० चं बेकिंग म्हणजे जिना पुन्हा वर चढणं. तिथे तापमान उतरवून वेळ वाढवावा लागतो, आणि हे प्लेटिंगवाल्याला आधी सांगावं लागतं.

पायरी ७ : बसवताना आणि दुरुस्ती करताना

बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत गरम करून सरकवा. गॅसचा टॉर्च शाफ्टवर धरू नका. वाकलेल्या शाफ्टला एका बाजूने लाल करून सरळ करणं, अर्थिंगची क्लॅम्प शाफ्टला लावून जवळ वेल्डिंग करणं, रॉड चुकून टेकून ठिणगी पडणं, या सगळ्यांत सालीवर कडक, ताणलेला डाग उमटतो. डाग तांदळाएवढा असला तरी भेगेला तेवढा पुरतो.

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनमध्ये वर्कशॉपांत झिजलेले शाफ्ट ‘भरून’ घ्यायला रांग लागते. बेअरिंगच्या सीटवर वेल्डिंगचा थर चढवायचा आणि पुन्हा मापाला टर्न करायचं. फिरणाऱ्या शाफ्टसाठी ही दुरुस्ती धोक्याची आहे. वेल्डशेजारच्या पट्ट्यात स्टील पुन्हा हार्ड होतं, थंड होताना थर आकसून मोठा ताण सोडून जातो, आणि वेल्डची कड नेमकी फिलेटजवळ येते. वेल्डच्या कडेची थकवा-ताकद स्टीलचा ग्रेड वाढवल्याने वाढत नाही, त्यामुळे ईएन १९ चे पैसे वाया जातात. भरल्याशिवाय गत्यंतर नसेल तर ईएन १९ ला २५० ते ३०० अंशांचा प्रीहीट, कोरडे लो हायड्रोजन रॉड, लगेच राखेत किंवा ब्लँकेटमध्ये सावकाश थंड करणं, मग टेम्परिंगच्या खाली राहून स्ट्रेस रिलीव्ह, आणि वेल्डची कड फिलेटपासून लांब, एवढं तरी करा. त्यापेक्षा मेटल स्प्रे (वितळलेला धातू फवारणं) चांगला, कारण त्यात शाफ्ट फारसा तापत नाही. फक्त स्प्रे धरून राहावा म्हणून खाली रफ आटे पाडायची जुनी पद्धत सोडा. तो प्रत्येक आटा ही एक खाच आहे. ग्रिट ब्लास्ट (खरखरीत कणांचा मारा) आणि बाँड कोट (पकड देणारा पहिला थर) पुरेसा होतो. झीज खूप असेल तर नवा शाफ्टच करा.

तुटलाच तर

तोंडं एकमेकांवर घासून बघू नका, वायर ब्रश मारू नका. पुसून तेल लावा आणि फोटो काढा. थकव्याच्या तोंडावर गुळगुळीत भाग असतो, त्यावर किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या कमानी दिसतात, आणि त्या कमानी ज्या बिंदूभोवती आहेत तिथे सुरुवात झालेली असते. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. खडबडीत भाग लहान असेल तर लोड कमी होता आणि दोष सालीत होता. मोठा असेल तर लोडच जास्त होता. कडेभोवती छोटे दाते दिसत असतील तर भेगा एकाच वेळी अनेक जागी सुरू झाल्या. म्हणजे फिलेट फारच तीक्ष्ण होती, किंवा सगळी सालच खराब होती.

सुरुवातीच्या बिंदूजवळ पाच गोष्टी शोधा: फिलेटची प्रत्यक्ष त्रिज्या, टूलचा ओरखडा, निळसर किंवा नायटलने काळा पडणारा जळका, वेल्डचा ठिपका, आणि इंडक्शनच्या पट्ट्याचा शेवट. मग सालीचा आणि गाभ्याचा कडकपणा मोजून टेम्परिंगच्या नोंदीशी ताडून पाहा. गाभा ठरल्यापेक्षा मऊ निघाला, तर कुठल्यातरी पायरीवर जॉब त्या नोंदीपेक्षा जास्त तापलेला आहे. ती पायरी सापडेपर्यंत नवा शाफ्ट कापायला घेऊ नका.